नाक जिथे फसते

विहिरीत, पेवात किंवा संडासाच्या टाकीत माणूस गुदमरल्याची बातमी आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. अशा दोन-चार बातम्या ओळीने वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. अशा ठिकाणी मरणारा बहुधा एकटा नसतो. पहिला उतरतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, अनेकदा सख्खा भाऊ किंवा मुलगा, तोही पडतो. कधी तिसराही जातो. जुन्या काळी याचे खापर विहिरीतल्या आसरांवर फोडले जाई. आत कोणीतरी ओढून घेते, असे म्हणत.

आसरा बिचाऱ्या निर्दोष आहेत. दोष आपल्या नाकाचा आहे.

आपला नाकावर फार विश्वास. दूध नासले, फोडणी करपली, सिलिंडर गळतो आहे, हे सारे आपल्याला नाकच सांगते. परंतु सिलिंडरातील वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. सडक्या कोबीसारखा जो उग्र दर्प येतो तो इथिल मरकॅप्टन नावाच्या द्रव्याचा. गळती कळावी म्हणून ते मुद्दाम, अगदी थोड्या प्रमाणात, मिसळलेले असते. नाकाची सोय तेथे दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेली आहे. विहिरीत, टाकीत आणि शेगडीत अशी सोय कोणी केलेली नसते.

प्रथम पेव घेऊ. 'पेव फुटले' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण पेव पाहिलेली माणसे आता थोडी उरली. ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत खोल खोदलेली, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशी ही कोठी. साठवलेला दाणा मेलेला नसतो. तो श्वास घेतो. त्याला ओल लागली, बुरशी आली, की हा श्वास कितीतरी वाढतो. बंद जागेतला प्राणवायू संपत जातो आणि त्याची जागा कार्बन डायऑक्साइड घेतो. त्यामुळे आतले किडे मरतात व ज्वारी टिकते. पेवाची सगळी करामत हीच आणि उतरणाऱ्या माणसाला धोका तोही हाच. हा वायू हवेच्या दीडपट जड, म्हणून तळाशी बसतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेत त्याचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरींत पालापाचोळा कुजून हेच घडते.

यावर आपल्या वाडवडिलांनी काढलेला उपाय चांगला होता. पेवाचे तोंड उघडून दिवसभर मोकळे ठेवायचे आणि उतरण्यापूर्वी दोराने पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचे नाही. हवेत साधारण एकवीस टक्के प्राणवायू असतो. तो सोळा टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. माणूस त्याहून थोडा अधिक तग धरतो. म्हणजे कंदील माणसाच्या आधी 'मरतो', आणि तेच हवे असते.

मात्र ही परीक्षा अर्धीच आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. कारण दुसरा वायू वेगळ्या जातीचा. संडासाची टाकी, गटार, गोबरगॅसचा खड्डा येथे मैला व शेण कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचा. हा वास नाकाला फार लवकर कळतो. दहा लाख भागांत एक भागही पुष्कळ झाला. शास्त्रज्ञ याला 'पीपीएम' म्हणतात. दहा लाखांत एक म्हणजे किती? तीस-पस्तीस किलो ज्वारीत एक दाणा. इतके तीक्ष्ण नाक असताना माणूस फसतो कसा? वायू शंभर पीपीएमच्या आसपास गेला की काही मिनिटांतच वास घेणाऱ्या तंतूंना बधिरता येते. वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते, घाण हवा निघून गेली. प्रत्यक्षात गेलेले असते ते नाक. पाचशेच्या पुढे माणूस कोसळतो आणि हजारावर एक-दोन श्वास पुरतात. हजार पीपीएम म्हणजे हवेचा हजारावा भाग. तेवढ्याने प्राणवायूचे प्रमाण हलत नाही, त्यामुळे कंदील निर्धोक जळत राहतो आणि त्याच्या उजेडात माणूस पडतो. शिवाय टाकीत व गोबरगॅसच्या खड्ड्यात मिथेन असतो. तेथे कंदील, काडी किंवा विडी नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. पेवाची रीत टाकीला लावू नये.

घरातला चोर

तिसरा वायू टाकीत नसून घरात, आणि तोही हिवाळ्यात. कोळसा, लाकूड, रॉकेल, गॅस, काहीही अपुऱ्या हवेत जळाले की कार्बन मोनॉक्साइड निघतो. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून, बाजेखाली शेगडी ठेवण्याची रीत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवतात आणि झरोका मात्र बुजवतात. विहिरीच्या पोटात, पाण्याजवळ, डिझेल इंजिन ठेवून पाणी उपसणे हाही याच जातीचा धोका. इंजिनाचा धूर वर येत नाही आणि इंजिन बंद करायला उतरलेला वर येत नाही.

या वायूला वास अजिबात नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला धरते त्याच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट ते या वायूला धरते. एकदा धरले की सहज सोडत नाही. डोके दुखते, मळमळते, गरगरते, पाय लटपटतात. घरातल्या सर्वांना एकदमच असे झाले की लोक म्हणतात, रात्रीची भाजी बाधली. पित्ताची गोळी घेऊन पुन्हा त्याच खोलीत झोपतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण करोनाच्या साथीनंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या माणसाच्या बोटाला तो लावला तर आकडा अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव दिसू शकतो. या यंत्राला प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि या विषाने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याला सारखीच लालभडक दिसतात. आकडा चांगला म्हणून घरी थांबू नये. रोग्याला उघड्या हवेत आणून थेट रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना 'खोलीत शेगडी होती' हे आपण होऊन सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात; मुखवट्याने शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात उतरतो. त्या एका वाक्याने डॉक्टरांचे निदान बदलते.

जालना हे बियाण्यांचे आणि लोखंडाच्या सळयांचे गाव असल्यामुळे आणखी दोन शब्द. धान्यात ठेवायच्या ज्या गोळ्या मिळतात त्यांतून हवेतील ओलाव्याने फॉस्फिन हा वायू सुटतो. गोदामात, ताडपत्रीखाली, जाणकार माणसाच्या देखरेखीत त्यांचा उपयोग आहे. झोपायच्या खोलीतल्या कणगीत किंवा ढेकणांसाठी गादीखाली त्या ठेवणे जीवघेणे आहे. वास आला नाही म्हणजे धोका नाही, हा हिशेब येथेही चुकतो. आणि ज्या कारखान्यांत कोळशापासून प्रोड्यूसर गॅस करून भट्टी तापवतात त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. जळण म्हणून तो त्यासाठीच तर वापरतात.

यंत्राचे नाक

मग नाकाच्या जागी काय? विलायतेतल्या कोळशाच्या खाणींत पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. इवलासा पक्षी माणसाच्या आधी गळाठतो. १९८६ साली ब्रिटनने हे पक्षी खाणींतून काढून यंत्रे आणायचे ठरवले. इतकी वर्षे ही प्रथा चालली. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक केला. गॅस गळतीची घोकंपट्टी करणारी जी घरगुती घंटी बाजारात मिळते तिच्या पोटात बहुधा याच जातीचा तुकडा असतो. तो चालण्यासाठी दोनशे-तीनशे अंशांपर्यंत तापवावा लागतो, म्हणजे वीज खातो. आणि उदबत्ती, फोडणी, दारूचा वास यांनाही ओरडतो. दुसरी जात विद्युत-रासायनिक पेशीची. ती अचूक, पण दोन-तीन वर्षांत संपते, मधूनमधून तपासून घ्यावी लागते आणि महाग पडते. चार वायू एकदम मोजणाऱ्या चांगल्या उपकरणाची किंमत पाच आकडी असते. टाकी साफ करायला येणाऱ्या मजुराच्या कमरेला ते का नसते, याचे उत्तर येथे आहे. अर्थात सगळे उत्तर येथे नाही. पण त्याकडे शेवटी येऊ.

म्हणून गेली तीस-चाळीस वर्षे शास्त्रज्ञ स्वस्त, न तापवता चालणारे, कागदासारखे छापता येणारे नाक शोधत आहेत. त्याचे नाव सेंद्रिय ट्रान्झिस्टर. दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे, आणि दोन्ही येथे वेगळ्या अर्थाने. सेंद्रिय म्हणजे शेणखताचे नव्हे; कर्बाच्या साखळ्यांनी बनलेले पदार्थ, प्लास्टिक व रंग यांच्या कुळातले. आणि ट्रान्झिस्टर म्हटले की जुन्या माणसाला खांद्याला लटकवलेला रेडिओ आठवतो. रेडिओला ते नाव मिळाले आतल्या बारीक पुर्जांमुळे. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हा पुर्जा प्रथम तयार झाला.

तो काय करतो हे शेतकऱ्याला सांगायला अवघड नाही. रात्रीच्या लायटीत आपण दारे धरायला जातो. पाटाने पाणी येते, वाफ्यात जाते आणि मध्ये दारे असते. खोऱ्याने मातीचे एक ढेकूळ इकडचे तिकडे केले की मोठा प्रवाह थांबतो किंवा सुरू होतो. ट्रान्झिस्टरलाही तीन टोके असतात. एका टोकाने वीज येते, दुसऱ्याने जाते आणि तिसरे टोक म्हणजे दारे. तेथे थोडासा विजेचा दाब कमी-जास्त केला की मधल्या पाटातील मोठा प्रवाह बदलतो.

आता हा पाट सिलिकॉनच्या कठीण स्फटिकाऐवजी कर्बी पदार्थाच्या पापुद्र्याचा केला. किती पातळ? समजा पन्नास नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस त्याच्या हजार-दीड हजारपट जाड. असा पापुद्रा सच्छिद्र असतो आणि उघडा ठेवला की हवा त्यात शिरते. हवेबरोबर वायूचे रेणू शिरतात. पाटात शेवाळ साचले की जसे पाणी अडते तसे काही रेणू विजेला अडवतात. अमोनियाचे उदाहरण घ्या. या पापुद्र्यांत विजेची ने-आण बहुधा इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांमधून होते. अमोनिया स्वतःजवळचा इलेक्ट्रॉन देऊ करतो, रिकाम्या जागा अडतात, प्रवाह मंदावतो. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड नेमका उलटा. तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो, जागा मोकळ्या होतात आणि प्रवाह वाढतो. प्रवाहाचा काटा कोणीकडे आणि किती हलला यावरून वायू ओळखायचा.

नुसता पापुद्रा ठेवून त्याचा विद्युतरोध मोजला तरी काम भागते, मग ट्रान्झिस्टरचा खटाटोप कशाला? कारण दारे हाती असते. वायूची चाहूल मुळात क्षीण. ती येथल्या येथे मोठी होते. शिवाय एकाच झुळुकीने तीन-चार आकडे बदलतात: प्रवाह किती, दारे कितीशा दाबाला उघडते, विजेचे वाहक किती चपळ. एका माणसाची ओळख चेहरा, चाल आणि आवाज यांनी पटावी तसे हे आहे. इटलीतील बारी येथील लुइसा तोर्सी यांनी २००० सालच्या सुमारास हा मुद्दा पुढे आणला. कर्बी पदार्थाचा ट्रान्झिस्टर होऊ शकतो हे त्याआधी, १९८६ साली, जपानच्या मित्सुबिशी कंपनीतील संशोधकांनी दाखवले होते. आणि प्लास्टिकमधून वीज वाहू शकते या मूळ शोधाबद्दल हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पापुद्र्याला कोणता पदार्थ वापरतात यात एक गंमत आहे. एक आवडता पदार्थ म्हणजे तांब्याचे थॅलोसायनिन. तैलरंगात, शाईत, प्लास्टिकच्या निळ्या वस्तूंत जो गडद निळा रंग असतो तोच. त्याचे जवळचे भाऊबंद म्हणजे पॉर्फिरिन. रेणूंचे एक कडे आणि मध्ये धातूचा एक अणू, अशी याची ठेवण. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये हेच कडे असते, मध्ये लोह घेऊन. झाडाच्या पानातल्या हरितद्रव्यात त्याचा भाऊबंद असतो, मध्ये मॅग्नेशियम घेऊन. वायूचे रेणू पकडण्याची जी खोड हिमोग्लोबिनला आहे आणि जिच्यामुळे शेगडीचा वायू जीव घेतो, तीच खोड शास्त्रज्ञांनी कामाला लावली.

हे काम आपल्या राज्यातही झाले आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. व्ही. रामगोपाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वीजवाहक प्लास्टिक आणि तांब्याचे पॉर्फिरिन यांच्या मिश्रणाचा पापुद्रा घालून सेंद्रिय ट्रान्झिस्टर केला. तो आरडीएक्स व टीएनटी या स्फोटकांच्या वाफा ओळखतो, असे त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. १९९३ पासून मुंबईने जे भोगले ते पाहता हा विषय त्यांनी का घेतला ते वेगळे सांगायला नको. आणि आपल्यापासून साठ किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, भौतिकशास्त्र विभागात प्रा. महेंद्र शिरसाट यांचा गट वीजवाहक प्लास्टिकच्या वायुसंवेदकांवर वर्षानुवर्षे काम करतो आहे. कॅलिफोर्नियातील संशोधकांबरोबर त्यांनी २००९ साली पॉलिअॅनिलिनच्या अतिसूक्ष्म तारांवर सोन्याचे कण बसवून हायड्रोजन सल्फाइड ओळखणारा संवेदक केला. तो ट्रान्झिस्टर नव्हता, नुसत्या विद्युतरोधावर चालणारा त्याचा चुलतभाऊ होता. पण वायू तोच, टाकीतला. सोलापूरच्या विद्यापीठातही पॉलिअॅनिलिनचे अमोनिया संवेदक तयार झाले आहेत. जालन्यातही २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे आवार आहे. तेथे शिकणाऱ्या मुलांनी आपल्याच गावच्या टाक्यांकडे एकदा पाहावे, अशी आमची आपली इच्छा.

श्वासातला अमोनिया

आरोग्याच्या दृष्टीने या नाकाचा आणखी एक उपयोग डोळ्यांसमोर आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याच्या तोंडाला लघवीसारखा वास येतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. रक्तात साचलेले युरिया लाळेत उतरते, तोंडातील जंतू त्याचा अमोनिया करतात. निरोगी माणसाच्या श्वासात अमोनिया साधारण एक पीपीएमच्या आत-बाहेर असतो. मूत्रपिंडे निकामी झाली की तो कितीतरी वाढतो आणि डायलिसिसनंतर उतरतो. सेंद्रिय संवेदकांची अमोनियाशी विशेष गट्टी असल्यामुळे तैवानसारख्या देशांत या दिशेने प्रयोग झाले. भोकरदन, मंठा किंवा घनसावंगीच्या रोग्याने फुंकर मारावी आणि डायलिसिसची गाडी आज धरायची की परवा, हे कळावे, असे हे स्वप्न.

पण त्याला स्वप्नच म्हणू. तोंड नीट न धुतलेल्या निरोगी माणसाच्या श्वासातही अमोनिया वाढतो. आपल्याकडे तर तंबाखू व मिश्री यांची भर. मूत्रपिंडाची परीक्षा आजही रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने यांनीच होते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने ती वर्षातून एकदा करून घ्यावी. फुंकर मारून रोग सांगणारे यंत्र कोणी विकायला आणले तर पैसे देऊ नयेत.

टाकीसाठी तरी हे सेंद्रिय नाक विकत मिळते का? मजुरांच्या हाती देता येईल असे अजून नाही, आणि त्याची कारणे पापुद्र्यातच आहेत. ज्या छिद्रांतून वायू शिरतो त्यांतूनच बाष्प शिरते आणि पाण्याचे रेणूही काटा हलवतात. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात कोरडी हवा व मोजून सोडलेला वायू असतो. टाकीत भाद्रपदातली ओल असते, चार-पाच वायूंची भेळ असते. मे महिन्यात बाहेरच बेचाळीस अंश असतात. शिवाय वीज सतत वाहती ठेवली तर हा पापुद्रा दमतो, वायू नसतानाही प्रवाह घटत जातो. एकदा चिकटलेला वायू पुष्कळदा लवकर सुटत नाही. यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या पापुद्र्यांचे अनेक ट्रान्झिस्टर एका पट्टीवर बसवून त्यांच्या एकत्रित आकड्यांवरून वायू ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. माणसाच्या नाकातही असेच आहे. सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक मिळून एक वास ठरवतात. तरीही ज्या जागी या नाकाची सर्वांत जास्त गरज आहे त्याच जागी ते सर्वांत आधी गोंधळते, ही अडचण लहान नाही.

आणि यंत्र स्वस्त झाले तरी ते माणसाच्या कमरेला कोणी बांधायचे? कायद्याने उत्तर दिले आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही व्यक्तीने, नगरपालिकेने वा ठेकेदाराने गटार किंवा संडासाची टाकी साफ करायला माणसाला संरक्षक साधनांशिवाय आत उतरवणे हा गुन्हा आहे. 'कोणत्याही व्यक्तीने' यात घरमालक आला. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. पाच आकडी उपकरण महाग वाटणाऱ्यांनी हे आकडे शेजारी मांडून पाहावेत. मुळात टाकी उपसायला मोटारीचे यंत्र मिळत असताना माणूस उतरवायचे कारणच नाही.

विहिरीत किंवा पेवात उतरणे मात्र कधी टळत नाही. तेव्हा झाकण वा तोंड आदल्या दिवशीच उघडावे आणि शक्य असेल तर विजेच्या पंख्याने तळापर्यंत हवा घालावी. पंप बिघडला म्हणून एकट्याने उतरू नये. उतरणाऱ्याच्या छातीला व खांद्यांना पट्टा घालून त्याचा दोर वर पक्का बांधावा. नुसता कमरेला बांधलेला दोर बेशुद्ध माणसाला दुमडतो आणि तो कठड्याला अडकतो. वर किमान तिघे असावेत, कारण निश्चल माणूस ओढायला फार जड होतो. उतरणाऱ्याशी सतत बोलत राहावे. उत्तर आले नाही की लगेच ओढावे. आणि आत पडलेला आपला कोणीही असला तरी वरच्याने खाली उतरायचे नाही, हे उतरण्याआधीच सर्वांनी मिळून ठरवून घ्यावे, कारण त्या क्षणी ते कोणाला सुचत नाही. दोर नसेल तर अग्निशामक दलाला १०१ आणि रुग्णवाहिकेला १०८ क्रमांक लावावा, तोवर पंख्याने किंवा मिळेल त्या साधनाने वरून हवा घालत राहावी. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचे काम ताबडतोब सुरू करावे. मात्र टाकीतल्या माणसाच्या तोंडाला तोंड लावून फुंकू नये, त्याच्या श्वासातून आणि कपड्यांतून तोच वायू निघत असतो.

(विहिरीतून काढलेला माणूस शुद्धीवर आला, चालू लागला, तरी त्याला त्या दिवशी रुग्णालयात ठेवावे. हायड्रोजन सल्फाइडमुळे फुप्फुसात पाणी होते ते काही तासांनी.)